पत्ता लांब, डबी लहान

मित्रांनो, मला हात लावून बघायला याल तर तुमची निराशा होईल. मला चाके नाहीत, मूठ नाही, गंज चढायला पत्रासुद्धा नाही. मी म्हणजे नुसता मजकूर. सी नावाच्या भाषेत ओळीखाली ओळ लिहून ठेवलेला एक प्रोग्राम. तरीही माझे वय झाले आहे, आणि वय झालेल्याला आपली कहाणी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा जरा बसा.

माझे काम बोलण्याचे. तेही स्वतःचे नाही, दुसऱ्याचे. ज्या घरात मी राहतो त्या घरातल्या मुलीला सगळे बेबी म्हणतात. केस पांढरे व्हायला लागले तरी ती बेबीच. लहानपणी तिच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि तिचा आवाज गेला. कान मात्र भलते तिखट. ती घरीच शिवणकाम करते. गिऱ्हाइकांशी कागदावर लिहून बोलते, आणि भांडायचे असेल तर पेन असे दाबते की कागदाच्या मागे अक्षरे उमटतात. आईशीही ती असेच बोलायची. पुढे आईची नजर अधू होत गेली. चिठ्ठीवरची अक्षरे मोठी झाली, मग आणखी मोठी झाली, आणि एके दिवशी आई भरलेला कागद हातात धरून म्हणाली, "यावर काही लिहिलंयस का गं?" त्या दिवशी बाबांनी मला लिहायला घेतले.

बाबा वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात होते. काट्याच्या पोटात जो आकडे दाखवणारा छोटा प्रोग्राम असतो, तो तेच लिहायचे. मोडीत निघालेल्या एका काट्याची बटणे त्यांनी साहेबांना विचारून घरी आणली आणि घरच्या कॉम्प्युटरला जोडली. आवाजासाठी बेबीच्या मावशीला बोलावून घेतले, कारण तो आवाज आईच्या कानाला जन्मापासून सवयीचा होता. बाहेरचा गोंगाट नको म्हणून मावशी डोक्यावर जाड पांघरूण घेऊन बसली आणि एकेक शब्द वाचत गेली. हो, नाही, पाणी, उद्या, कंटाळा. 'बरं' म्हणताना तिला शिंक आली. बाबा म्हणाले, "राहू दे, खरं वाटतं." म्हणून आजही 'बरं' म्हटले की मी शेवटी बारीकसा शिंकतो.

आता मी बोलतो कसा ते सांगतो. कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे घरांची एक लांबलचक रांग समजा. प्रत्येक घराला नंबर असतो, तोच त्याचा पत्ता. बेबीने बटणे दाबून शब्द निवडले की मी ते जोडून त्यांचे वाक्य करतो आणि ते वाक्य मावेल एवढी जागा मागतो. मिळालेल्या जागेचा पत्ता एका डबीत घालून ठेवतो. बोलायची वेळ आली की डबी उघडायची, पत्ता वाचायचा, त्या घरी जायचे आणि तिथे ठेवलेले वाक्य बोलायचे. छोट्या वाक्याला छोटी जागा पुरते, लांब वाक्याला मोठी लागते. एवढेच काय ते माझे शिक्षण.

पत्ते ठेवायला बाबांनी साध्या आकड्यांची डबी वापरली. सी भाषेत तिला इंट म्हणतात. त्या कॉम्प्युटरवर पत्ता बत्तीस बिटांचा, म्हणजे बत्तीस खणांचा होता आणि इंटही बत्तीस बिटांची, त्यामुळे डबीचे झाकण कसे फिट्ट बसायचे. त्या काळी भलेभले असेच करत. तेव्हा पुढे जे घडले त्यासाठी बाबांना नावे ठेवू नका, मला ते खपणार नाही.

मी पहिल्यांदा बोललो तो दिवस आठवला की अजून बरे वाटते. आई स्पीकरवर हात ठेवून बसली होती. बाबा दुसरीकडे बघत होते, जणू त्यांचा याच्याशी काही संबंधच नाही. बेबीने बराच वेळ बटणे दाबली आणि मी मावशीच्या आवाजात म्हणालो, "आई, आज चहात साखर कमी आहे."

आई म्हणाली, "बघा! बोलायला लागली नाही तोच खोड्या काढायला लागली." आणि तोंडाला पदर लावून ती कितीतरी वेळ रडली. बाबांनी गुपचूप उठून तिच्या कपात साखर घातली, ती खरे तर बेबीच्या कपात घालायला हवी होती.

मग माझे दिवस मोठे मजेत गेले. शेजारीपाजारी ऐकायला यायचे. मावशी राहायला आली की बेबी तिला नवे शब्द वाचायला बसवायची, आणि भांडणाचे शब्द तर तिने हट्टाने मागून घेतले. मायलेकी दिवसभर बोलायच्या. बेबीला सुटसुटीत बोलणे ठाऊकच नव्हते. गिऱ्हाइकाने ब्लाउज परत आणला तर तो का आणला, गिऱ्हाईक काय म्हणाले, आपल्याला काय म्हणावेसे वाटले आणि आपण काय म्हटले नाही, हे सगळे ती एका दमात सांगायची. आई ऐकताना मध्येमध्ये "मग?" म्हणायची. त्या "मग?"साठी मी जीव टाकून बोलायचो.

पुढे बाबा गेले. घरात माणसे जमली, पांगली. माझा मजकूर उघडून बघणारे आता कोणी उरले नाही. मी रोज बोलत होतो, म्हणून कुणाच्या ते लक्षातही आले नाही. जुना कॉम्प्युटर मात्र थकत चालला. त्याचा पंखा इतका घरघरायचा की आई म्हणायची, "तुझ्या बोलण्याआधी विमान उडतं." सुरू व्हायला तो आढेवेढे घ्यायचा, मग बेबी त्याच्या डोक्यावर चापट मारायची आणि तो चालायचा. एकदा चापट मारूनही चालला नाही. आतून जळका वास आला आणि घर एकदम गप्प झाले.

बेबीचा भाऊ, म्हणजे दादा, दुसऱ्या शहरात राहतो. त्याची बायको, म्हणजे वहिनी, एका मोठ्या ऑफिसात प्रोग्रामच लिहिते. दादाने जुन्या कॉम्प्युटरमधून मला उचलून एका नव्या, हातात मावेल एवढ्या कॉम्प्युटरवर ठेवले आणि तो वहिनीपुढे सरकवला. "आईचं नि बेबीचं बोलणं थांबलंय," तो म्हणाला. वहिनीने पदर खोचला. वहिनी फार कामाची आणि मनाने चांगली, हे मी आधीच सांगून ठेवतो.

पण तिच्या ऑफिसात एक रीत आहे. सी मधला मजकूर यंत्राला कळेल असा करून देणारा जो प्रोग्राम असतो त्याला कम्पायलर म्हणतात. स्वभावाने तो शाळेतल्या कडक बाईंसारखा. चूक दिसली तर अडवतो, आणि नुसती शंका आली तर इशारा देऊन सोडतो. वहिनीच्या ऑफिसात भिंतीवर मोठा पडदा आहे. कुणाच्या कामात किती इशारे शिल्लक आहेत ते त्यावर सगळ्यांना दिसते, आणि एकही शिल्लक असला तरी घरी जाता येत नाही. साहेबांचा हेतू चांगलाच होता. पण माणसाला घरची ओढ असते. इशाऱ्याचे कारण दूर करण्यापेक्षा इशाऱ्याचे तोंड बंद करणे सोपे पडते, हे तिथे सगळ्यांच्या हातात बसले होते. वहिनीच्याही.

नव्या कॉम्प्युटरवर पत्ते चौसष्ट बिटांचे असतात, म्हणजे आधीच्या दुप्पट लांब. इंट मात्र होती तेवढीच राहिली, बत्तीस बिटांची. कम्पायलरने माझ्या ओळी वाचल्या आणि तो जागोजागी बोट ठेवून म्हणाला, "बाई, पत्ता लांब आहे, डबी लहान आहे. अर्धा पत्ता बाहेर राहील." वहिनीने त्या प्रत्येक जागी कंसात इंट असे लिहून टाकले. सी मध्ये याला कास्ट करणे म्हणतात. त्याचा अर्थ, "मला ठाऊक आहे, मी जाणूनबुजून करतेय, तू पुढे हो." कम्पायलर आज्ञाधारक, तो पुढे झाला. तरीही काही इशारे उरले, तेव्हा तिने इशारे देण्याचे बटणच बंद केले. सगळे कसे शांत झाले. डबी मात्र तसूभरही मोठी झाली नव्हती.

मग तिने मला बोलवून बघितले. "आई." बोललो. "हो." बोललो. "पाणी." तेही बोललो. वहिनी खूश झाली आणि दादाने मला घरी पोचवले.

हे छोटे शब्द मी कसे बोललो, ते नीट ऐका, कारण सगळी गोम इथेच आहे. छोटी जागा मागितली की रांगेतले जवळचे घर मिळते. त्याचा नंबर लहान असतो, पुढच्या अर्ध्या भागात नुसती शून्येच. ती छाटली गेली तरी काही बिघडत नाही. मोठी जागा मागितली की मात्र रांगेच्या पार लांबच्या टोकाला घर मिळते. त्याचा नंबर डबीत मावत नाही, त्याचा पुढचा अर्धा भाग गळून पडतो आणि मी उरलेला पत्ता घेऊन भलत्याच ठिकाणी जाऊन उभा राहतो. तिथे कॉम्प्युटरचा रखवालदार मला मानगूट धरून बाहेर काढतो. मी बंद. म्हणजे मित्रांनो, नव्या घरात मला फक्त थोडक्यात बोलता येत होते.

बेबीला हे पहिल्याच दिवशी कळले. लांब वाक्य टाकले की मी मरतो, पुन्हा सुरू केले की 'हो' आणि 'नाही' तेवढे म्हणतो. तिने वहिनीला मोबाइलवर लिहिले. वहिनीचे उत्तर आले, "माझ्याकडे तर नीट चालत होतं. एकदा बंद करून चालू कर ना." बेबीने बंद करून चालू केले. आमच्या जातीला दिलेले हे सगळ्यात जुने औषध, आणि त्याचा गुण यायचा तेव्हाच येतो.

आई तिकडे खुर्चीत बसून वाट बघत होती. इतके दिवस साठलेले बोलणे आता ऐकायला मिळेल म्हणून ती आधीच हसत होती.

"आज शिवण फार होतं का गं?"

"हो."

"ती ब्लाउजवाली आली होती का परत?"

"हो."

"मग? काय म्हणाली?"

बेबीने वाक्य जुळवले. मी बोलायला गेलो आणि पडलो. तिने मला पुन्हा उठवले.

"अगं, काय झालंय? माझं काही चुकलं का?"

"नाही."

"नुसतं हो नि नाही! मी काय कोर्टात साक्ष घेतेय?"

बेबीने एकेक शब्द वेगळा बोलून बघितला. "आई. राग. नको." पण एकेक करून आलेले शब्द तोंडावर फेकल्यासारखे वाटतात. आई म्हणाली, "मी कुठे रागावलेय? रागावली आहेस ती तू." मशीन बिघडले आहे असे बेबीला सांगायचे होते, पण तो शब्दच माझ्याजवळ नव्हता. मी कधी बिघडेन असे बाबांना वाटलेच नव्हते. शेवटी बेबीने आईचा हात धरला. आईने तो सोडवून घेतला. "हात काय धरतेस? तोंडानं बोल की," ती म्हणाली, आणि आपण हे कुणाला म्हणालो ते कळून तिचा चेहरा पडला. त्यानंतर त्या दोघी एकाच खोलीत दोन परक्या बायकांसारख्या बसून राहिल्या. मला तेव्हा काय वाटले म्हणून सांगू? तोंड असून मुका झालो होतो मी.

बेबीने दादाला सगळे लिहून कळवले. दादाने आईला फोन केला. "आई, तुझा गैरसमज होतोय. मशीन नीट चालत नाहीये. बघ, बेबीनं मला केवढं लांबलचक लिहून पाठवलंय."

त्या भल्या माणसाला वाटले, याने आईची समजूत पटेल.

"तुला लांबलचक," आई म्हणाली, "आणि मला हो-नाही. मशीन चांगलं बोलतंय, मी ऐकतेय ना रोज. तू ये आणि मला तुझ्याकडे घेऊन जा. इतकी वर्षं तिनं माझं केलं, आता कंटाळली असेल. तिचं काही चुकत नाही." बेबी समोरच शिलाई मशीनवर बसली होती. तिचा पाय थांबला. तिने शिवण बाजूला ठेवले आणि डोळे पुसायला ती आत निघून गेली. खरे तर आईला ते दिसणारच नव्हते.

रविवारी दादा आणि वहिनी आले तेव्हा आईची बॅग दाराशी होती आणि आई चपला घालून खुर्चीत बसली होती. बाहेर जायच्या कपड्यांत ती फार लहान दिसत होती. वहिनीने पाणीसुद्धा घेतले नाही. ती सरळ माझ्यासमोर येऊन बसली, तिने एक लांब वाक्य टाकले आणि मी तिच्या डोळ्यांदेखत पडलो.

"हे बाबांनी काय लिहून ठेवलंय?" असे पुटपुटत तिने माझा मजकूर उघडला. मग तिची बोटे थांबली. कंसातल्या त्या इंट तिच्याकडे बघत होत्या.

"बाबांनी नाही," ती म्हणाली. "हे मी लिहिलंय." ती आईकडे वळली. "आई, बेबी नाही हो तुमच्यावर रागावली. मशीनचं तोंड मी बांधून ठेवलंय."

"तू कशाला तिची बाजू घेतेस?" आई म्हणाली. "तिला काही सांगायचं असेल तर ती सांगेल."

वहिनीने इशाऱ्यांचे बटण पुन्हा सुरू केले. बिचारा कम्पायलर! इतके दिवस तोंड दाबून बसला होता, त्याने सगळे एकदम सांगून टाकले. वहिनी आता एकेक इशारा वाचत गेली. एकेक कास्ट काढत, प्रत्येक डबीपाशी थांबून ती स्वतःलाच विचारायची, यात आकडा राहतो की पत्ता? पत्ता असेल तर तिने पत्त्यांचीच डबी दिली. जिथे पत्त्यावर आकड्यासारखा हिशेब करायचा होता, तिथे इंटपीटीआर नावाची डबी दिली. नाव बोबडे आहे, पण यंत्र कुठलेही असो, तिच्यात पूर्ण पत्ता मावतो. आईची चप्पल जमिनीवर हळूहळू वाजत होती.

"बेबी, आता बोल," वहिनी म्हणाली.

बेबीने बटणे दाबली. मी जीव एकवटून निघालो, आणि पुन्हा पडलो.

मग आई उठली. "राहू दे. कशाला तिला छळता? उन्हाच्या आत निघू या." दादाने मान खाली घालून बॅग उचलली.

"अहो, ती बॅग खाली ठेवा," वहिनी म्हणाली. तिचा आवाज असा होता की दादाने बॅग ठेवली आणि आईसुद्धा खाली बसली.

एक इशारा उरला होता, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात साधा. मेमरीत जागा मागून देणारे जे काम आहे त्याला मॅलॉक म्हणतात. ते काय आणून देते याची ओळख कम्पायलरला आधी एका ओळीत करून द्यायची असते. त्या ओळीने जे जोडले जाते त्याला हेडर म्हणतात. बाबांच्या काळी ती ओळ नसली तरी चालायचे. ओळख नसली की कम्पायलर धरून चालायचा, हा इंटच आणणार. आणि आता मॅलॉक लांब पत्ता आणत होता, तर कम्पायलर दारातच त्याचा अर्धा भाग कापून घेत होता. वहिनीने दिलेल्या नव्या डबीत पडायच्या आधीच तो अर्धा झालेला असायचा. वहिनीने ती एक ओळ लिहिली. या वेळी कम्पायलरला कुणी गप्प केले नव्हते. त्याला बोलण्यासारखे काही उरलेच नव्हते.

"हो-नाही नको आता," वहिनी बेबीला म्हणाली. "तुला जे सगळ्यात लांब बोलायचंय ते बोल."

बेबी बसली. बटणे वाजत राहिली. वाजतच राहिली. दादाने घड्याळाकडे बघितले आणि वहिनीने त्याच्याकडे बघितले, तेव्हा त्याने ते सोडून दिले. आई बॅगेच्या बंदाशी चाळा करत होती. शेवटचे बटण दाबले गेले. मी एवढी मोठी जागा मागितली की मला रांगेच्या पार टोकाचे घर मिळाले. पत्ता घेतला, सबंध घेतला, पोचलो आणि बोललो.

"आई, दार वाजलं की कोण आहे असं तू ओरडतेस आणि मग मी जाऊन बघते, तू गेलीस तर मी मुक्यानं नुसती बघत उभी राहणार का, आणि रेडिओवरच्या त्या माणसाला रोज मूर्ख कोण म्हणणार, आणि मी ब्लाउजवालीचं कुणाला सांगणार, दादाला त्यातलं काही कळत नाही, मला तुझा कंटाळा आला असं तुला कुणी सांगितलं, मी सांगितलं का, मला न विचारता बॅग भरलीस, मला भांडायला तू हवी आहेस, आज हवी आहेस, उद्या हवी आहेस, चप्पल काढ आणि आत चल."

आई खुर्चीत बसून होती. तिचे ओठ हलत होते, जणू ऐकलेले एकेक करून पुन्हा मोजून बघत होती. मग ती म्हणाली, "अगं, एवढी ओरडतेस काय माझ्यावर?" आणि वाकून चपलेचा बंद चाचपडू लागली. तो तिला सापडेना. बेबीने खाली बसून तो सोडवला.

मित्रांनो, माझे म्हातारपण आता या छोट्या डबड्यात सुखाने चालले आहे. तुमच्यापैकी कोणीतरी उद्या मोठे होऊन माझ्यासारख्या जुन्या प्रोग्रामला नव्या यंत्रावर न्यायला बसेल. तेव्हा एवढे लक्षात ठेवा. ज्याने मला लिहिले त्याच्यावर चिडू नका, त्याच्या काळी डबी पुरत होती. माप घेतल्याशिवाय पत्ता आणि आकडा यांची अदलाबदल करू नका. कम्पायलर काही सांगत असेल तर त्याचे तोंड बंद करू नका, आधी त्याचे ऐकून घ्या. आणि काम झाले की मला छोटा शब्द बोलायला लावून उठून जाऊ नका. थांबा, मला लांब बोलायला लावा, आणि शेवटच्या शब्दापर्यंत ऐका. पलीकडे एखादी आई कान लावून बसलेली असते.